गोंडीसाठी स्पेलचेकर करायचाय? इथून सुरुवात करा

'मावा नाटे मावा राज'. गडचिरोली आणि बस्तर भागातल्या स्वशासनाच्या चळवळीतली ही गोंडी घोषणा अनेक मराठी वाचकांनी ऐकलेली असेल. अर्थ साधा आहे: आमच्या गावात आमचं राज्य. हे चार शब्द मराठी कीबोर्ड असलेल्या फोनवर टाइप करून बघा. मी पहिल्यांदा केले तेव्हा फोनने न विचारता 'नाटे'चं 'नाते' करून टाकलं. लॅपटॉपवर 'नाटे'खाली लाल रेघ आली. शेजारी बसलेले शिक्षक, ज्यांची ती मातृभाषा, मला म्हणाले, "ताई, माझंच काही चुकलं का?"

त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. स्पेलचेकरला त्यांची भाषा माहीत नव्हती, एवढंच. तेव्हापासून गोंडी बोलणाऱ्या काही शिक्षकांबरोबर मी शब्दयादीचं काम करते आहे. त्यात जे हाती लागलं ते नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी इथे क्रमाने मांडते. उदाहरणं गोंडीची आहेत, पण कोरकू, कोलामी, भिली, वारली, कातकरी यांपैकी कुठल्याही भाषेसाठी बसलात तरी पायऱ्या जवळपास याच राहतील. प्रोग्रामिंग यायलाच हवं असं नाही. एक्सेल येत असेल आणि साधी टेक्स्ट फाइल जपून लिहिता येत असेल तर पहिली आवृत्ती तुमच्या हातून होईल.

पहिली पायरी: एक परिसर निवडा

२०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे जवळपास तीस लाख लोक होते. ते महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा असे पसरलेले आहेत. बोलणं जागोजागी बदलतं, आणि तेही ठरावीक रीतीने. शब्दाच्या सुरुवातीचा 'स' उत्तरेकडे टिकतो, दक्षिणेकडे येताना त्याचा 'ह' होतो आणि माडिया गोंडांच्या मुलखात तो 'ह'सुद्धा गळतो. वाट या अर्थाचा शब्द म्हणून कुठे 'सर्री' ऐकू येतो, कुठे 'हर्री', कुठे 'अर्री'. तिन्ही बरोबर आहेत.

लिपीचाही प्रश्न आहे. मंगलसिंह मसराम यांनी १९१८मध्ये बालाघाटला गोंडीसाठी लिपी तयार केली. मसराम गोंडी या नावाने ती २०१७मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांनी अक्षरं कशी साठवायची याच्या जागतिक यादीत आली. तेलंगणातल्या गुंजाला गावी जुनी हस्तलिखितं सापडली, त्यांतली लिपी २०१८मध्ये आली. रोजचं लिहिणं मात्र महाराष्ट्रात देवनागरीत आणि तेलंगणात तेलुगू लिपीत चालतं.

म्हणून 'सगळ्या गोंडीचा' स्पेलचेकर करायला घेऊ नका. एक तालुका घ्या, फार तर दोन. तिथली शाळा, तिथली ग्रामसभा, तिथे लिहिणारे दहा-पंधरा लोक डोळ्यासमोर ठेवा. लिपी ते वापरतात तीच. बाकीचे परिसर नंतर जोडता येतात आणि ते कसं हे पुढे येईलच.

दुसरी पायरी: शब्द जमवा, पण विचारून

इथे बहुतेक जण इंटरनेटवर शोधायला लागतात आणि आठवड्याभरात निराश होतात. छापील मजकूर थोडा आहे हे खरंच, पण वाटतो तितका थोडा नाही. शाळेतली गोंडी गाणी आणि वाचनपत्रकं, ग्रामसभेच्या सूचना, लग्नपत्रिका, आरोग्य विभागाची भित्तिपत्रकं, शिक्षकांच्या वह्या यांत बरंच सापडतं. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सन यांच्या 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया'च्या १९०६च्या चौथ्या खंडात गोंडीचे नमुने आहेत, पण ते रोमन लिपीत आणि शतकापूर्वीच्या कानाने टिपलेले, म्हणून फक्त ताडून बघायला ठेवा. २०१८मध्ये वेगवेगळ्या राज्यांतल्या गोंडी भाषकांनी मिळून सुमारे तीन हजार शब्दांचा सामायिक कोश केला. असा काही कोश तुमच्या भाषेत असेल तर तिथूनच सुरू करा.

सगळ्यात मोठा साठा मात्र बोलण्यात आहे. एखाद्या आजीला रानभाज्यांबद्दल अर्धा तास बोलतं करा आणि परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. मग तिथल्याच तरुणाकडून ते लिहून घ्या. अर्ध्या तासाच्या बोलण्यात असे शब्द येतात जे कुठल्याही कोशात मिळणार नाहीत. लिहिण्याचं काम गोंडी बोलणाऱ्यानेच करावं आणि त्याचे पैसे त्याला मिळावेत. मी सुरुवातीला स्वतः लिहायला बसले होते. माझ्या मराठी कानाने ऱ्हस्व-दीर्घाचे इतके घोळ केले की ती पूर्ण वही नंतर बाजूला ठेवावी लागली.

परवानगी ही नुसती सही नसते. हे शब्द कशासाठी घेतोय, फाइल कुणाला मिळेल, कुणी ती विकू शकेल का, हे सगळं ग्रामसभेत सांगा. देवाच्या कामातले काही शब्द आणि गाणी बाहेर द्यायची नसतात. ती मागू नका, आणि चुकून रेकॉर्ड झाली तर पुसून टाका.

आणि एक यादी सगळ्यात आधी करा: आडनावं आणि गावांची नावं. मडावी, आत्राम, उसेंडी, नैताम, पुंगाटी, सिडाम, टेकाम, कुमरे. आठवीतल्या मुलीने संगणकावर स्वतःचं नाव लिहावं आणि त्याखाली लाल रेघ यावी, हे आपल्या साधनात एकदाही घडता कामा नये.

तिसरी पायरी: निर्णयांची वही

माझ्या मते सगळ्या कामाचा कणा हाच आहे. ज्या भाषेत लेखनाचे नियम ठरलेले नाहीत तिथे प्रत्येक शब्दापाशी प्रश्न उभा राहतो. झाड या अर्थाचा शब्द 'मडा' लिहायचा, 'मड़ा' की 'मरा'? जीभ उलटी वळवून केलेला तो उच्चार मराठी देवनागरीत नेमका बसत नाही. हिंदी शाळेत शिकलेला माणूस अक्षराखाली टिंब, म्हणजे नुक्ता देतो, मराठी शाळेत शिकलेला देत नाही. देव म्हणजे 'पेन'; त्याचं अनेकवचन 'पेंक' लिहायचं की 'पेन्क'? गोंडीसारख्या द्राविडी भाषेत ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन उच्चार असू शकतात. मराठीच्या नेहमीच्या कीबोर्डवर ऱ्हस्व ए-ओ दाखवायला खूण नाही. तो फरक लिहिण्यात दाखवायचा का?

यातल्या कशाचंही उत्तर तुम्ही द्यायचं नाही. चार-पाच लिहिते लोक एकत्र बसवा, दोन्ही रूपं फळ्यावर लिहा, बोलू द्या. जे ठरेल ते तारखेसकट वहीत नोंदवा: प्रश्न, कोणती रूपं समोर आली, काय ठरलं, का ठरलं. नाही ठरलं तर 'नाही ठरलं' असं लिहा आणि दोन्ही रूपं यादीत घ्या. ही वाट पूर्णपणे चालते.

आपल्या मराठीचंच बघा. शतकांचं लेखन मागे असूनही मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने स्वीकारले ते १९६२मध्ये, आणि आणखी चार नियमांची भर पडली १९७२मध्ये. त्याआधीच्या पुस्तकांत उच्चारात नसलेले अनुस्वार सर्रास दिसतात, आणि ते लिहिणारे अडाणी नव्हते. गोंडीने सगळं एका शिबिरात ठरवून टाकावं अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्दही कामातून काढून टाका. आम्ही 'यादीत आहे' आणि 'यादीत अजून नाही' एवढंच म्हणतो. बैठकीतलं वातावरण त्याने खरोखर बदलतं; बायका बोलायला लागतात.

चौथी पायरी: तक्ता

एक्सेल किंवा मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये एक तक्ता करा. रकाने असे: शब्द, मराठी अर्थ, कुठल्या गावचा, नाम की क्रियापद की आणखी काही, अनेकवचन, 'मध्ये' या अर्थाचं रूप, दुसरी लिहिण्याची रूपं, शंका. गावाचा रकाना कधीही गाळू नका. पुढे दुसरा तालुका जोडायचा, किंवा 'स'वाल्यांची आणि 'ह'वाल्यांची वेगळी फाइल काढायची, तर ते याच रकान्यामुळे जमतं. मी आज सगळी रूपं एकाच फाइलीत ठेवते. 'सर्री' लिहिणाऱ्यालाही रेघ नको आणि 'हर्री' लिहिणाऱ्यालाही नको.

देवनागरीतला एक खड्डा इथेच बुजवा. 'ड़' हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठतं: एकसंध 'ड़' म्हणून, किंवा 'ड' आणि खाली वेगळा नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणात दुसरी तऱ्हा टिकते, तेव्हा सगळी यादी तिच्यात बदलून घ्या. 'ॲ' हे अक्षरही असंच दुहेरी टाइप होतं. काही कीबोर्ड शब्दात न दिसणारी जोडचिन्हं घुसवतात, तीही शोधून काढा. एकदा आमच्या यादीत एकच शब्द तीनदा दिसत होता आणि कारण सापडायला दोन संध्याकाळी गेल्या.

पाचवी पायरी: हनस्पेल

हनस्पेल हे मोफत आणि खुलं साधन आहे. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्समध्ये शब्द तपासण्याचं काम तेच करतं. लास्लो नेमेथ यांनी ते हंगेरियन भाषेसाठी केलं. हंगेरियनमध्ये एका नामाला प्रत्ययांवर प्रत्यय लागतात, म्हणून आपल्याकडच्या भाषांनाही ते बरंच मानवतं. त्याला दोन टेक्स्ट फाइली लागतात: एक शब्दांची, एक प्रत्ययांच्या नियमांची. दोन्ही जतन करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडायचा, म्हणजे देवनागरी अक्षरं नीट साठतात.

शब्दांच्या फाइलीत पहिल्या ओळीवर शब्दांची अंदाजे संख्या, मग प्रत्येक ओळीवर एक शब्द. शब्दापुढे तिरपी रेघ आणि नियमाचा क्रमांक. प्रत्ययांच्या फाइलीत त्या क्रमांकाचा नियम.

आता 'नाटे'कडे परत येऊ. गाव म्हणजे 'नार'. गावात म्हणजे 'नाटे'. अनेक गावं म्हणजे 'नाह्क'. घर म्हणजे 'रोन', घरात 'रोते', घरं 'रोह्क'. मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपणही 'पाणी'चं 'पाण्यात' करतो, सामान्यरूप होताना शब्दाचा शेवट बदलतो. पण नुसती 'नार', 'रोन' अशी मूळ शब्दांची यादी दिली तर 'मावा नाटे मावा राज' यातल्या 'नाटे'ला आपलाच गोंडी स्पेलचेकर रेघ मारेल. नवख्यांची पहिली आवृत्ती हमखास इथे आपटते.

शब्दांच्या फाइलीत असं लिहायचं:

नार/१
रोन/१
पेन/२

आणि नियमांच्या फाइलीत, नियम १ आणि २साठी प्रत्येक ओळीत चार गोष्टी: नियमाचा क्रमांक, शब्दाच्या शेवटून काय काढायचं, काय लावायचं, कोणत्या शेवटाच्या शब्दाला:

१ — र — टे — र
१ — र — ह्क — र
१ — न — ते — न
१ — न — ह्क — न
२ — न — ंक — न

वाचायला सोपं जावं म्हणून मी हे देवनागरीत आणि रेघा मारून लिहिलंय. प्रत्यक्ष फाइलीत रकान्यांमध्ये फक्त मोकळी जागा असते, आकडे इंग्रजी असतात, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला प्रत्ययाची आज्ञा, म्हणजे एस-एफ-एक्स ही रोमन अक्षरं असतात. प्रत्येक नियमाच्या डोक्यावर आणखी एक ओळ लागते, तिच्यात खाली किती ओळी आहेत तो आकडा द्यायचा. तो आकडा चुकला की नियम गडबडतात. काही चालेनासं झालं तर आधी तोच मोजा. नियमांना क्रमांक वापरतोय हेही फाइलीच्या वरच्या भागात एका ओळीत सांगावं लागतं.

'रोन' आणि 'पेन' दोन्हींच्या शेवटी 'न' आहे, पण एकाचं 'रोह्क' होतं आणि दुसऱ्याचं 'पेंक'. म्हणून शेवटच्या अक्षरावरून नियम आपोआप लावायचा मोह टाळा. प्रत्येक नामाची रूपं बोलणाऱ्याला विचारून तक्त्यात भरा, आणि मगच क्रमांक द्या. 'पेंक'च्या नियमात अनुस्वार एकटाच आधाराशिवाय लिहिलाय, तिथे स्क्रीनवर ठिपक्यांचं वर्तुळ दिसेल. ते दिसू द्या, फाइल बिघडलेली नाही.

नामं उरकली की क्रियापदं येतात, आणि तिथे काम खरोखर वाढतं. कर्ता कोण, एक की अनेक, पुरुष की इतर, काळ कोणता, यांनुसार एका क्रियापदाची डझनावारी रूपं होतात. पहिल्या आवृत्तीत रोजच्या वापरातली तीस-चाळीस क्रियापदं घ्या आणि त्यांची सगळी रूपं सरळ यादीत लिहून टाका, नियमांच्या मागे लागू नका. रूपं डोळ्यासमोर आली की त्यांतली रचना आपोआप दिसू लागते, नियम नंतर लिहा. उत्तर नॉर्वेतल्या सामी भाषांसाठी ट्रॉम्सो विद्यापीठात वर्षानुवर्षं काम चाललंय. तिथे हनस्पेल पुरं पडलं नाही म्हणून शब्दरचनेचं संपूर्ण व्याकरण संगणकाला शिकवणारी वेगळी, खुली साधनं ते वापरतात. एक दिवस तुम्हालाही तिकडे जावं लागेल. तुमचा तक्ता नीट असेल तर तेव्हा त्यातलं काही वाया जाणार नाही.

सहावी पायरी: सुचवण्या

शब्द यादीत नसेल तर त्याच्या जवळचे शब्द सुचवायचे असतात. हनस्पेलमध्ये 'या अक्षराच्या जागी ते अक्षर बघ' अशी अदलाबदलीची यादी देता येते. आमच्या यादीत पहिल्या वेलांटीला दुसरी वेलांटी, पहिल्या उकाराला दुसरा उकार, 'ड'ला नुक्त्याचा 'ड', अनुस्वाराला 'न्', एवढ्याच जोड्या आहेत. त्या पुस्तकातून घेतलेल्या नाहीत, लोकांच्या हातून टाइप होताना जे घसरतं ते बघून घेतल्यात. दोन माणसांना दहा ओळी टाइप करायला सांगा आणि बघा. जोड्या तुम्हालाच मिळतील.

'स' आणि 'ह' यांची जोडी मात्र या यादीत टाकू नका. ती टाकली की एका तालुक्याच्या बोलीला दुसऱ्या तालुक्याची बोली 'सुधारणा' म्हणून सुचवली जाईल. लोक सुचवलेलं रूप खरं मानतात, आणि काही वर्षांत एक बोली लिहिण्यातून हळूच पुसली जाते.

सातवी पायरी: तपासणी

यादी करताना न वापरलेला सुमारे पाचशे शब्दांचा मजकूर आधीच बाजूला काढून ठेवा. तो स्पेलचेकरमधून जाऊ द्या आणि लाल रेघा मोजा. समजा साठ आल्या. आता बोलणाऱ्याबरोबर बसून एकेक बघा. त्यांतल्या बावन्न ठिकाणी शब्द बरोबर असेल आणि यादीत नसेल, आठ ठिकाणी टाइप करताना चूक झालेली असेल. हे दोन आकडे वेगवेगळे लिहून ठेवा. पहिला आकडा खाली आणणं हे सुरुवातीचं एकमेव काम समजा. मोठ्या भाषेचा स्पेलचेकर किती चुका पकडतो यावर जोखला जातो. इथे मात्र एक चूक सुटली तर फार बिघडत नाही, पण बरोबर शब्दाला रेघ आली तर लिहिणारा गोंडीत लिहिणंच सोडतो. मी हे घडताना पाहिलंय. त्या शिक्षकांनी पुढचे दोन महिने सगळे निरोप मराठीत पाठवले.

म्हणून मेनूमधलं 'शब्द यादीत घाला' हे बटण प्रत्येकाला आधी दाखवा, आणि लोकांनी घातलेले शब्द महिन्यातून एकदा गोळा करा. तुमच्या दुसऱ्या आवृत्तीचा अर्धा माल तिथूनच येईल.

आठवी पायरी: हातात द्या

लिब्रेऑफिससाठी या दोन फाइली आणि भाषेची माहिती सांगणाऱ्या एक-दोन छोट्या फाइली मिळून एक एक्स्टेन्शन, म्हणजे लिब्रेऑफिसला जोडायचा पूरक भाग होतो. एखाद्या जुन्या भाषेचं एक्स्टेन्शन उघडून त्याच्याच साच्यावर करा. गोंडीचा आंतरराष्ट्रीय भाषा-कोड जी-ओ-एन आहे, बोलींचे कोड वेगळे आहेत. तुमच्या परिसराला कोणता लागू होतो ते बघून तोच वापरा. 'मराठी' म्हणून फाइल बसवण्याचा सोपा मार्ग कुणी सुचवेल, तो घेऊ नका. मग मराठी आणि गोंडी एकमेकींच्या शब्दांवर रेघा मारत बसतात.

लोक लिहितात ते मुख्यतः फोनवर. तिथे कीमॅन हे मोफत साधन आहे. त्यात तुमचा कीबोर्ड करता येतो आणि हीच शब्दयादी देऊन पुढचा शब्द सुचवण्याची सोय होते. शब्दांबरोबर तो किती वेळा येतो तो आकडाही देता येतो. तो तुमच्या जमवलेल्या मजकुरातून मोजून घ्या.

फाइलीवर खुला परवाना, तारीख, आवृत्तीचा आकडा आणि ज्यांनी परवानगी दिली त्या बोलणाऱ्यांची नावं घाला. छापून एक प्रत ग्रामसभेकडे ठेवा. ज्यांच्या फोनमध्ये ही फाइल कधीच जाणार नाही अशी माणसंही त्या कागदावर बोट ठेवून "हा शब्द राहिला" असं सांगतात. आमच्या शेवटच्या बैठकीत एका आजींनी यादी वाचून घेतली आणि पावसाच्या नावांपाशी थांबवलं. बारीक पावसाचं, दिवसभर लागून राहणाऱ्या पावसाचं, उन्हात पडणाऱ्या पावसाचं नाव त्यांनी एकेक करून सांगितलं. त्या दिवशी तक्त्यात सात ओळी वाढल्या, आणि गावाच्या रकान्यात पहिल्यांदा त्यांच्या टोल्याचं, म्हणजे पाड्याचं नाव आलं.